ग्रेडर देवरावभाऊ तलावावर

२ नोव्हेंबर २००३, रविवार. दिवाळी सरली होती आणि मी अंगणात कूलर धूत होते. आमच्या देवळीत हे काम पुढे ढकललं की ढकललंच जातं, आणि मग मार्चमध्ये टाकीच्या तळाचा वाळका गाळ खरवडत बसावं लागतं. गवताच्या ताट्या काढून भिंतीला उभ्या केल्या होत्या, पंप बाजूला ठेवला होता, आणि फायबरची टाकी पालथी घालून मी तिचं बूड घासत होते. तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून देवरावभाऊंचं डोकं वर आलं.

"बाई, हे टाकं पाण्यात सोडलं तं तरंगन का?"

"टाकीत पाणी भरतात भाऊ. टाकी पाण्यात सोडत नाहीत."

"थे मले माहीत हाये. मी इचारून राह्यलो, तरंगन का?"

"तरंगेल. का?"

"मंग माणूस बी तरंगन," असं म्हणून डोकं खाली गेलं. भाऊंच्या डोक्यात काही शिरलं की ते दोन दिवसांत हातात उतरत असे, हे मला चांगलं ठाऊक होतं.

देवरावभाऊ आमचे शेजारी. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारातल्या कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी तीस वर्षं ग्रेडर म्हणून काढली. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की तिच्यात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून धागा ओढायचा आणि माल कोणत्या प्रतीचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही तो हात थांबला नव्हता. कुणाकडे बसायला गेले तरी बोलता बोलता उसवलेल्या उशीतून चिमूटभर कापूस निघायचा आणि अंगठ्यांत ओढला जायचा. १९९२ साली मला इथल्या शाळेत गणिताची नोकरी लागली आणि आम्ही राहायला आलो, त्या दिवशी सामान उतरत असताना एक उंच, सावळा, पांढऱ्या शर्टातला माणूस आला. नाव नाही, गाव नाही, सरळ आमच्या गादीच्या भोकात त्याने बोट घातलं.

"अर्धा माल जुना हाये. गादीवाल्यानं फसवलं तुमाले," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मी देवराव. बाजूचा. चहा ठेवला हाये हिनं, या."

"हात लावल्याबिगर बोलायचं नाई," हे त्यांचं पालुपद होतं. राजकारण, सून, नवीन डॉक्टर, कशावरही मत विचारलं की हेच उत्तर. आणि कापसाच्या बाबतीत हाताच्याही वर एक कोर्ट होतं, ते म्हणजे गाल. वजन वाढावं म्हणून कुणी कुणी कापसावर पाणी मारून आणत. बाहेरून तो कोरडा दिसतो, हाताला थंडीतला आणि ओला सारखाच लागतो. भाऊ असा कापूस गालाला लावत, डोळे मिटत आणि सांगत. "हात धोका खाते. गाल नाई खात." ओला निघाला तर आरडाओरड नाही, चारचौघांत अपमान नाही. "वाळवून आणजो बाबू," एवढंच. माणूस मुकाट्याने बंडी वळवायचा आणि चार दिवसांनी तोच कापूस वाळवून पुन्हा रांगेत लागायचा.

आता भाऊही नाहीत आणि त्यांच्या पत्नी शांतावहिनीही नाहीत, म्हणून हे सगळं लिहायला हरकत नाही.

टाकीच्या प्रश्नामागे कॅनडा होतं. त्या उन्हाळ्यात नवराबायको मुलाकडे जाऊन आले होते. वहिनींनी तिथली थंडी आणि बेचव भाज्या आणल्या. भाऊंनी कयाक आणली, म्हणजे डोक्यात. तिथल्या एका तलावात मुलाने त्यांना अशा एकट्याने बसायच्या लांबट होडीत बसवलं होतं. "पाय लांब करून बसायचं, हातात दोन तोंडाचं वल्हं. एकदा इकडं, एकदा तिकडं. तिथं सत्तर वर्षांच्या बाया चालवून राह्यल्या जी, जशी आपल्याकडं स्कूटी! आन् आवाज नाई. तीस वर्षं जिनिंगच्या आवाजात काढले मी. असं चूप मी कधी आयकलंच नोतं." हे शेवटचं ते हळू आवाजात म्हणाले. माणूस खरंच काही मागतो तेव्हा तसंच मागतो.

देवळीपासून थोड्या अंतरावर पाटबंधाऱ्याचा एक तलाव आहे. मासेमारी सोसायटीची जाळी असतात, काठाने बेशरमाची झुडपं, मधल्या भागात बुडालेल्या बाभळींची खोडं. भाऊंना तो हवा होता. त्यांचं वय बासष्ट. पोहणं येत होतं, पण विहिरीतलं. विहिरीत पोहणाऱ्याला कुठूनही चार हात मारले की काठ असतो. तलावात चार हात मारले की आणखी तलाव असतो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी शांतावहिनी आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी पवनारच्या. नदीतल्या. हे आता थांबत नाई, मी चाळीस वर्षं पाहून राह्यली यायले. तुमी संग जाजा. आन् वापस आणजा. मले बाकी काईच समजत नाई त्याच्यातलं."

माझं लहानपण पवनारला धाम नदीच्या पाण्यात गेलं हे खरं. म्हणूनच मला पाण्याचं कौतुक नाही. जो पोहतो त्याला पाणी काय करतं ते माहीत असतं. तरीही मी हो म्हणाले, कारण वहिनींनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मात्र एक अट घातली. मला वेगळी होडी हवी. काठावर उभी राहून मी काय करणार होते, रुमाल हलवणार? अशी मी या छंदाला लागले. हौस म्हणून नाही, पहारा म्हणून.

होड्या वर्ध्याच्या एका कूलरवाल्याने केल्या. फायबरच्या टाक्या ओतणारा माणूस. भाऊंनी त्याच्यासमोर कॅनडाचे फोटो मांडले आणि त्याने महिन्याभरात दोन होड्या उभ्या केल्या, कूलरच्याच फिक्या निळ्या रंगाच्या. आम्ही पाहायला गेलो तर दोन्हींच्या कडेला, वरून चार बोटं खाली, रुपयाएवढं गोल भोक.

"हे काय?" मी विचारलं.

"ओव्हरफ्लो," तो म्हणाला. "टाकं म्हटलं की आलाच बाई. पानी जादा झालं तं जाईन कुठून?"

भाऊ इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. मला हसू आलं नाही. ज्याने आयुष्यभर पाणी आत ठेवायची भांडी केली, त्याच्या हातून पाणी बाहेर ठेवणारं भांडं आम्ही घेत होतो. मी दोन्ही भोकं समोर बसून बंद करून घेतली आणि होडी भरली तरी बुडू नये म्हणून दोन्ही टोकांच्या पोकळीत थर्माकोल ठासून वरून फायबर ओतायला लावलं. आणि सांगितलं की बूड आणखी रुंद हवं, मला शर्यत लावायची नाही. त्याला आणखी पंधरवडा लागला. भाऊ तेवढे दिवस अंगणात पलंगाच्या काठावर बसून बांबूचं वल्हं हवेत मारत.

राहता राहिलं लाइफ जॅकेट. मुलाने फोनवर बजावलं होतं की जॅकेटशिवाय पाण्यात उतरायचं नाही. वर्ध्यात चौकशी केली, रेनकोट दाखवला. मी म्हटलं, नागपूरला पाहू, मिळेल तेव्हा मिळेल, तोवर होड्या उन्हात राहू द्या. भाऊंना धीर नव्हता. त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं की जुन्या काळी जहाजावरच्या जॅकेटांत कापूस भरत. तो सावरीचा कापूस असतो, झाडावरचा, रेशमासारखा. भाऊंनी 'कापूस' एवढाच शब्द ऐकला आणि पुढचं ऐकायची त्यांना गरज वाटली नाही.

"आपल्या जिल्ह्यात राहून कापसाचं जॅकेट नागपूरहून आणायचं? लोक तोंडात शेण घालतीन बाई."

"भाऊ, कापूस पाणी पितो."

"दवाखान्यातला पिते. थो धुतलेला असते. कच्च्या कापसाले तेल असते अंगचं, थो पाणी धरत नाई. मी तीस वर्षं काय गोट्या खेळलो का?"

त्यांनी ओळखीच्या जिनिंगमधून पहिल्या प्रतीची रुई आणली, लांब धाग्याची, दुधासारखी. जाड कॅनव्हासची दोन जॅकेटं गावातल्या शिंप्याने शिवली, आत दाबून कापूस, समोर नाड्या. मग हौदात परीक्षा. जॅकेटला वीट बांधून सोडलं. ते तरंगलं. चहा झाला, पिऊन झाला, तरी तरंगतच होतं. भाऊंनी चिमटीने आतला कापूस काढून गालाला लावला आणि माझ्या तोंडासमोर धरला. कोरडा. कच्च्या कापसाबद्दल ते खरं बोलत होते, हे मला मान्य करावं लागलं. तरी मी माझ्यापुरती मोटारीची एक ट्यूब फुगवून होडीच्या मागच्या टोकाला दोरीने बांधली. सोसायटीचा राखणदार मला पाहून म्हणाला, "मास्तरीणबाई, पंचर काढाले निघाल्या का?"

तोच आमच्या होड्यांना 'कूलर' म्हणायचा. "भाऊ, कूलर लावा जी, गरम होऊन राह्यलं!" डिसेंबरच्या सकाळी धुकं असायचं आणि तो हे ओरडायचा.

शिकणं मात्र गमतीचं नव्हतं. बसताना पहिल्यांदा ढुंगण, मग पाय. उलटं केलं की होडी अंगावर येते. वल्हं आवळून धरलं की खांदे भरतात. वळायचं असेल तर वल्हं लांबून, कमानीसारखं फिरवायचं. होडी डुलली की माणूस उलट्या बाजूला अंग टाकतो आणि तिथेच फसतो. कंबर सैल ठेवायची, डोकं मध्ये. आणि जाताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे थकल्यावर वाराच घरी आणतो. यातलं निम्मं मुलाने फोनवर सांगितलेलं, निम्मं आम्ही भिजून शिकलेलं. काठाकाठाने, छातीइतक्या पाण्याच्या बाहेर जायचं नाही, हा माझा नियम. भाऊ तो पाळत, आणि पाळताना मधल्या पाण्याकडे पाहत.

माझी शनिवारची झोप गेली ती तेव्हापासून. वारा कुठून आहे, ट्यूबमध्ये हवा आहे का, दोरी कुजली तर नाही. शाळेत फळ्यावर उदाहरण सोडवतानाही मध्येच तलाव डोळ्यांपुढे यायचा. आणि इकडे शांतावहिनी. आम्ही निघालो की त्या गॅस बंद करत आणि परत येईपर्यंत स्वयंपाकाला हात लावत नसत. भिंतीशी स्टूल टाकून रस्त्याकडे तोंड करून बसत. आम्ही दिसलो की उठत, भाऊंच्या अंगातलं चिखलाने माखलेलं जॅकेट काढून घेत आणि दगडावर धुवायला नेत. सोडा लावून, मोगरीने झोडपून. त्यांच्या घरात मळलेली वस्तू रात्रीपर्यंत राहत नसे. माझं जॅकेट मी तसंच झटकून खुंटीला अडकवी, त्यावर त्यांचा एक कटाक्ष ठरलेला. पुढच्या रविवारी भाऊंचं जॅकेट पुन्हा पांढरंशुभ्र, इस्त्री केल्यासारखं. भाऊ घालताना म्हणत, "पहा, नवरदेव निघाला."

जानेवारीतला एक रविवार. संक्रांत होऊन गेली होती. सकाळी पाणी काचेसारखं होतं आणि भाऊ म्हणाले, "बाई, आज मंधात जाऊन येऊ. एकदा. वल्हं मारायचं नाई, नुसतं बसायचं." मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "मी थे आवाज नसलेलं आयकाले आलतो. काठावर राखणदार बोलून राह्यला." हे खरं होतं, राखणदार अखंड बोलत असे. मी ट्यूबची दोरी ओढून पाहिली, वारा पाहिला आणि म्हटलं, "जाऊ आणि लगेच फिरू. माझ्या हाकेच्या आत."

मध्यावर आम्ही वल्ही मांडीवर ठेवून बसलो. भाऊ डोळे मिटून बसले होते, गालावर काही धरलं असावं तसे, मान किंचित कलती. मी मात्र पाणी पाहत होते. पलीकडच्या बाजूला त्यावर काळसर सुरकुत्या उठल्या आणि आमच्याकडे सरकायला लागल्या. वारा. "भाऊ, फिरा," मी म्हटलं. त्यांनी होडी वळवली, वाऱ्याने ती आणखी वळली, आणि पाण्याखालच्या बाभळीच्या खोडावर बूड चढून थांबलं. भाऊंनी अंग उलट्या बाजूला टाकलं. होडी पालथी झाली.

ते वर आले ते हसतच. जॅकेटने त्यांना खांद्यापर्यंत वर धरलं होतं. "पाहा बाई! पास! माल पास!"

"होडी धरा!" मी ओरडले. "होडी सोडू नका!"

त्यांनी सोडली होती. विहिरीत पडलेला माणूस होडी धरत नाही, काठाकडे पोहतो. पालथी निळी होडी वाऱ्याबरोबर निघाली आणि भाऊ तिच्यामागे हात मारू लागले. वारा त्यांच्यापेक्षा तरुण होता. मी माझी होडी वळवली; वाऱ्याच्या तोंडावर ती जागची हलेना. एक बाजू मारते तर नाक दुसरीकडे. भाऊंकडे पाहिलं तर पाणी त्यांच्या खांद्यांवर आलं होतं. पुन्हा पाहिलं तर हनुवटीला. हसणं थांबलं होतं.

"जड झालं," ते म्हणाले. ओरडले नाहीत, नुसतं सांगितलं, माल सांगावा तसं. "बाई, हे जड होऊन राह्यलं."

ते नाड्यांशी झटत होते. ओली नाडी सुटत नाही. हात वर उचलायला जावं तर भिजलेलं जॅकेट हाताला खाली ओढत होतं. मी जवळ पोचले तेव्हा त्यांच्या तोंडात पाणी जाऊ लागलं होतं आणि त्यांचा हात माझ्या होडीच्या कडेकडे आला. त्यांनी कड धरली असती तर आम्ही दोघेही पाण्यात असतो.

"बाजू धरायची नाही! मागं! ट्यूब!" मी वर्गात ओरडते त्या आवाजात ओरडले. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर बंड्या वळल्या त्या माणसाने मुकाट्याने हात मागे घेतला. मी होडी पुढे काढली, ट्यूब त्यांच्या छातीवर आली, आणि त्यांनी तिच्यातून दोन्ही हात घातले.

तिथून काठापर्यंत मी मागे पाहिलं नाही. मागे पाहिलं की होडी डुलते. फक्त बोलत राहिले, "आहात ना?" आणि मागून "हाव" येई. मध्ये एकदा आला नाही. मी पुन्हा विचारलं. मग खोकल्याचा आवाज आला. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, स्टुलावर बसलेल्या वहिनी आणि बंद गॅस. शेवटी वल्हं बेशरमाच्या फांद्यांत अडकलं तेव्हा कळलं की पाय टेकतात.

राखणदाराने विळ्याने नाड्या कापल्या. जॅकेट जमिनीवर पडलं ते ओल्या गोणपाटासारखं, थप्प आवाज करून. त्याने शेकोटी पेटवली आणि पहिल्यांदाच गप्प राहिला. भाऊ दात वाजवत शेकत होते. अंगात थोडी ऊब आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं? जॅकेटची शिवण फाडली, कापूस काढला, ओढून पाहिला आणि गालाला लावला. मग माझ्या जॅकेटमधला काढला. माझंही उडत्या पाण्याने चांगलं भिजलं होतं, पण फक्त वरून. आतला कापूस कोरडाच होता. दोन्ही चिमटी त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या.

"एकाच गठाणीतला माल हाये," ते म्हणाले.

मी समजले. सोडा. दर रविवारी सोडा आणि मोगरी. कापसाचं अंगचं तेल धुऊन गेलं होतं. दवाखान्यातला कापूस जसा करतात तसाच तो झाला होता.

"भाऊ, तुम्ही जन्मभर पाणी मारलेला कापूस परत पाठवलात," मी म्हटलं. मला राग आला होता, कारण भीती ओसरायला लागली होती. "आणि इथं स्वतःच्या अंगावर—"

"बोला. बोला तुमी. बोलायचा हक्क हाये तुमचा." ते शेकोटीकडे पाहत होते. "फक्त हिनं धुतलं म्हणून झालं, थे हिले नको सांगजा. बाकी सारं मी सांगतो. पाण्यात पडलो, तुमी काढलं, सारं. तेवढं नको. थे बाई मंग या जन्मात झोपणार नाई."

मी वहिनींना वचन दिलं होतं आणते म्हणून, सांगते म्हणून नाही. तरीही वाटेत स्कूटरवर मला धड वाटत नव्हतं. आता काय होणार हे स्पष्ट होतं. वहिनी मुलाला फोन करणार, मुलगा तिकडून ओरडणार, होड्या विकल्या जाणार, आणि भाऊ पलंगाच्या काठावर बसून उरलेली वर्षं काढणार. वहिनी चुकल्या असत्या असंही नाही. मी त्यांच्या जागी असते तर होड्यांना पहिल्याच दिवशी भोकं पाडली असती, ओव्हरफ्लोपेक्षा मोठी.

वहिनी स्टुलावर होत्या. आम्हाला इतका उशीर कधी झाला नव्हता. राखणदाराची घोंगडी पांघरलेला नवरा पाहून त्या उभ्या राहिल्या. भाऊंनी फाटलेलं जॅकेट त्यांच्या पुढ्यात ठेवलं, आतला पिळूनही पाणी न संपणारा कापसाचा गोळा काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"माल नापास," ते म्हणाले. "ग्रेडर बी नापास. मंधात गेलतो, उलटलो, हे पाणी प्यालं. ह्या बाईनं ओढून आणलं, नाईतं आज तू माह्या नावानं रडत बसली असती."

वहिनींनी तो गोळा हातात फिरवला. नाकाशी नेला. मग भाऊंकडे पाहिलं.

"मी धूत होती, त्याच्यानं झालं का?"

"छट्!" भाऊ म्हणाले. "धुतल्यानं काय होते? कापसातच दम नोता. मीच पाहून नाई घेतला. घाई केली."

पहिल्या प्रतीची रुई होती ती, लांब धाग्याची. कापसाबद्दल त्यांनी खोटं सांगितलेलं मी ऐकलं ते एवढं एकदाच, आणि तेही हात लावून, गाल लावून झाल्यावर. चूक दिसली की बोलणं हा माझा धंदा आहे. मी भिंतीकडे पाहत राहिले.

वहिनींनी तो गोळा धुण्याच्या दगडावर ठेवला. मग आत गेल्या, गॅस पेटवल्याचा आवाज आला, चहाचे कप घेऊन आल्या. भाऊंच्या हातात कप देताना म्हणाल्या, "तुमी लोकायचा माल वापस करत होते, थे लोक काय करत होते मंग? घरी बसत होते का?"

"वाळवून आणत होते," भाऊ म्हणाले.

"मंग."

एवढंच. माझा चहा तसाच हातात राहिला. भाऊंनी मान खाली घालून कप तोंडाला लावला, आणि कपाच्या आड त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला दिसलं नाही.

"पण हे घरचं बनवणं आता बंद," वहिनी माझ्याकडे वळल्या. "बाजारातलं पाह्यजे. नागपूरले मिळते म्हणत होत्या ना तुमी?"

पुढे कितीतरी हिवाळे भाऊ त्या तलावावर गेले आणि एका उन्हाळ्यात घरीच, दुपारच्या झोपेत गेले; पाण्याचा त्यात काही हात नव्हता. पण ते नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत रजा कळवली आणि नागपूरच्या पहिल्या बससाठी निघाले. वहिनी फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी एक सुतळी दिली, छातीच्या मापाला गाठ मारलेली, भाऊंची. मग पदराखालून दुसरी काढली, तिच्यापेक्षा बरीच आखूड, आणि मी काही विचारायच्या आत वळून घरात गेल्या. मी दोन्ही पर्समध्ये टाकल्या. माझं माप मला पाठ होतं; दुसरी सुतळी माझ्या मापाची नव्हती, वहिनींच्या होती. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि मी सेलूच्या पुढे जाईपर्यंत गाढ झोपले.